चौकशीपासून ग्राहकापर्यंत : जाहिरातीच्या खर्चाचा हिशेब

आजचे युग हे जाहिरातीचे युग आहे, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु जाहिरातीवर खर्च केलेला रुपया परत आला की नाही, आणि आला तर कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न फार थोडे व्यावसायिक स्वतःला विचारतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा अभ्यास करावयाचा आहे.

नोकरीची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतःचा व्यवसाय उभा करावा, अशी जिद्द आज आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणींत दिसते. कोणी स्पर्धा परीक्षेचा वर्ग काढतो, कोणी केटरिंगचा व्यवसाय करतो, कोणी विमा एजन्सी घेतो, तर कोणी बुद्धगया-सारनाथच्या सहली नेतो. २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना आणि २०१६ साली सुरू झालेली स्टँड-अप इंडिया योजना यांतून अनेकांनी कर्जही घेतले. कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येतो. तो ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. अशा वेळी भाडे किती, वीज किती, माल किती, हे व्यावसायिक तोंडपाठ सांगतो. पण जाहिरातीवर गेलेल्या पैशाचे काय झाले असे विचारले, तर ‘नाव तर झालं’ एवढेच उत्तर मिळते. दुकान बंद पडले की ‘आपल्या लोकांना धंदा जमत नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक धंदा न जमण्याचा येथे संबंध नसतो. हिशेबाच्या वहीत एक रकाना कमी असतो.

एक ऐतिहासिक घटना येथे लक्षात घेतली पाहिजे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रेरणेने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने छापली नाही. म्हणजे त्या काळी आपल्यासाठी जाहिरातीचे दारच बंद होते. आज हातातल्या मोबाईलवरून कोणीही काही शे रुपयांत जाहिरात देऊ शकतो. दार उघडले आहे; आता प्रश्न आहे तो त्या दारातून कोण आत आले, हे पाहण्याचा.

१. पापणिक सुत्तातील दुकानदार

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात दोन पापणिक सुत्ते आहेत. पापणिक म्हणजे दुकानदार. भगवान बुद्धांनी हे दृष्टांत भिक्खूंना साधनेसाठी सांगितले आहेत, पण दृष्टांत घेतला तो बाजारपेठेतला. पहिल्या सुत्तात असे सांगितले आहे की, जो दुकानदार सकाळी, दुपारी व सायंकाळी आपल्या कामात दक्ष राहत नाही, त्याला नवी संपत्ती मिळत नाही आणि मिळालेली वाढत नाही. दुसऱ्या सुत्तात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला गुण, तो चक्षुमान असतो. म्हणजे हा माल इतक्याला घेतला, इतक्याला विकला तर इतके भांडवल व इतका नफा होईल, हे तो जाणतो. दुसरा गुण, तो ‘विधुर’ असतो. येथे मराठीतला अर्थ घेऊ नये. पालीत विधुर म्हणजे चतुर, देवघेवीत कुशल. तिसरा गुण, तो आश्रयसंपन्न असतो; म्हणजे त्याची सचोटी पाहून लोक विश्वासाने त्याच्याकडे धन ठेवतात.

डोळस हिशेब, वेळच्या वेळी दक्षता आणि लोकांचा विश्वास या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढील संपूर्ण विवेचन त्यांचाच विस्तार आहे.

२. लीड म्हणजे काय ?

ज्याने आपल्या मालाविषयी किंवा सेवेविषयी चौकशी केली आणि ज्याच्याशी पुन्हा संपर्क साधता येईल, अशा व्यक्तीला व्यापारी भाषेत ‘लीड’ म्हणतात. जाहिरात पाहणारा प्रत्येक जण लीड नव्हे. हजार लोकांनी फलक पाहिला, त्यांपैकी दहा जणांनी फोन केला, तर लीड दहाच. या दहांपैकी दोघांनी पैसे भरले, तर ग्राहक दोन. पाहणारा, विचारणारा आणि पैसे देणारा या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की सगळा हिशेब चुकतो. ‘आमच्या जाहिरातीला पाचशे लाईक मिळाले’ असे सांगणारा तरुण पहिल्याच पायरीवर उभा असतो.

चौकशी कोठून आली याची खूण ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. अमेरिकन जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात कूपनांचा हिशेब ठेवण्यावर भर दिला. प्रत्येक वर्तमानपत्रातील कूपनावर वेगळी खूण छापावयाची, म्हणजे परत आलेले कूपन पाहून कोणत्या जाहिरातीने काम केले ते कळते. आजचे लीड व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणजे मूलतः हीच कूपनाची खूण होय. फक्त ती संगणक जपतो.

३. आधी वही, मग संगणक

बँकेत टपाल आले की ते आवक वहीत चढते. तारीख, कोणाकडून, कोणाकडे दिले आणि काय झाले, हे त्यात असते. चौकशीचीही अशीच वही हवी. ज्याला वहीत शिस्त नाही, त्याला सॉफ्टवेअर घेऊनही शिस्त येत नाही. वहीत पुढील रकाने असावेत :

(१) चौकशीची तारीख व वेळ
(२) नाव व मोबाईल क्रमांक
(३) काय हवे आहे
(४) आमच्याविषयी कोठून कळले
(५) आपण पहिला संपर्क केव्हा केला
(६) सद्यःस्थिती : नवीन, संपर्क झाला, प्रत्यक्ष भेट, व्यवहार झाला, व्यवहार झाला नाही
(७) पुढील संपर्काची तारीख
(८) जमा रक्कम
(९) व्यवहार झाला नसल्यास कारण

यातील चौथा, पाचवा व नववा हे तीन रकाने बहुतेक वह्यांत नसतात, आणि शिकवणारे रकाने नेमके तेच आहेत. चौथ्या रकान्यात ‘जाहिरात’ असे मोघम लिहू नये. ‘जूनमधील हस्तपत्रक’, ‘फेसबुक, मोफत तासाची जाहिरात’, ‘माजी विद्यार्थी’ असे स्पष्ट लिहावे. नावे एकदा ठरवून घ्यावीत व सर्वांनी तीच वापरावीत. एकाने ‘पत्रक’ लिहिले, दुसऱ्याने ‘पॅम्प्लेट’ लिहिले, तर महिनाअखेर बेरीज जुळत नाही.

४. सॉफ्टवेअर काय करते ?

महिन्याला तीस-चाळीस चौकशा असतील तर वही किंवा संगणकावरील एक्सेलचा तक्ता पुरेसा आहे. चौकशा शंभरावर गेल्या, फोन घेणारी माणसे दोन-तीन झाली, की वही अपुरी पडते. तेव्हा सॉफ्टवेअरचा विचार करावा. ते मुख्यतः पाच कामे करते.

पहिले काम गोळा करण्याचे. संकेतस्थळावरील अर्ज किंवा फेसबुकवरील लीड फॉर्म कोणी भरला, की योग्य जोडणी केलेली असल्यास ती नोंद तारीख-वेळेसह आपोआप यादीत येते. प्रत्यक्ष आलेल्या माणसाची व फोनची नोंद मात्र बहुधा हातानेच करावी लागते. ती टाळली तर ऑनलाईन जाहिरात उगाचच मोठी दिसू लागते.

दुसरे काम खूण ओळखण्याचे. जाहिरातीतील दुव्याच्या शेवटी काही शब्द जोडता येतात, त्यांना यूटीएम म्हणतात. कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या प्रकारच्या माध्यमातून व कोणत्या मोहिमेतून माणूस आला, हे त्यावरून कळते. हॉपकिन्स यांच्या कूपनावरील खुणेचा हा नवा अवतार म्हणता येईल. कागदी पत्रकावर स्वतंत्र क्यूआर कोड छापून किंवा वेगळा फोन क्रमांक देऊनही हे साधते.

तिसरे काम दुबार नोंद पकडण्याचे. एकाच माणसाने फोनही केला व अर्जही भरला, तर मोबाईल क्रमांकावरून ते लक्षात येते.

चौथे काम आठवण देण्याचे. आज कोणाला फोन करावयाचा आहे, कोणाचा फोन राहून गेला आहे, हे सकाळी पडद्यावर दिसते.

पाचवे काम अहवाल देण्याचे. कोणत्या वाटेने किती चौकशा आल्या, त्या कोणत्या पायरीवर गळाल्या, किती ग्राहक झाले व किती रक्कम जमली, याचा तक्ता तयार मिळतो.

अशी अनेक सॉफ्टवेअरे बाजारात आहेत. अमेरिकेतील सेल्सफोर्स १९९९ साली व हबस्पॉट २००६ साली सुरू झाली. आपल्याकडे झोहो या मूळच्या चेन्नईच्या कंपनीचे सीआरएम २००५ पासून आहे, आणि बंगळुरूची लीडस्क्वेअर्ड आहे. सुइटसीआरएमसारखी मुक्त स्रोत प्रणालीही आहे. काहींच्या मर्यादित विनामूल्य आवृत्त्या असतात. प्रारंभी त्यांवर हात बसवावा आणि आपली सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते की नाही, हे आधी तपासावे. नाव मोठे म्हणून महागडे सॉफ्टवेअर घेणे ही हौस आहे, गरज नव्हे.

५. उदाहरणाने समजून घेऊ

समजा, एका होतकरू तरुणीने संगणक प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला आहे. अभ्यासक्रमाचे शुल्क ६,००० रुपये आहे. दोन महिन्यांत तिने तीन वाटांनी प्रचार केला. वर्तमानपत्रातून हस्तपत्रके वाटली, फेसबुकवर जाहिरात दिली, आणि माजी विद्यार्थ्याने पाठवलेल्या प्रत्येक प्रवेशाला ५०० रुपये सवलत ठेवली. आकडे असे :

हस्तपत्रके : खर्च ८,००० रु., चौकशा ४०, मोफत तासाला आलेले १६, प्रवेश ८.
फेसबुक : खर्च १५,००० रु., चौकशा १५०, मोफत तासाला आलेले २४, प्रवेश ६.
माजी विद्यार्थी : सवलतीपोटी ५,००० रु., चौकशा २०, मोफत तासाला आलेले १४, प्रवेश १०.
एकूण : खर्च २८,००० रु., चौकशा २१०, मोफत तासाला आलेले ५४, प्रवेश २४.

आता तीन मापे लावू. पहिले माप, दर चौकशीचा खर्च : खर्चाला चौकशांच्या संख्येने भागावे. हस्तपत्रकाची एक चौकशी २०० रुपयांना पडली, फेसबुकची १०० रुपयांना व माजी विद्यार्थ्यांची २५० रुपयांना. येथेच थांबले तर फेसबुक सर्वांत स्वस्त आणि शिफारस सर्वांत महाग वाटते.

दुसरे माप, रूपांतराचे प्रमाण : शंभर चौकशांमागे प्रवेश किती, हे पाहावे. हस्तपत्रक २० टक्के, फेसबुक ४ टक्के, माजी विद्यार्थी ५० टक्के.

तिसरे माप, दर ग्राहकाचा खर्च : खर्चाला प्रवेशांच्या संख्येने भागावे. हस्तपत्रक १,००० रुपये, फेसबुक २,५०० रुपये, माजी विद्यार्थी ५०० रुपये.

क्रम पूर्ण उलटला. जी चौकशी सर्वांत स्वस्त होती, तिचा ग्राहक सर्वांत महाग पडला. आणि जी चौकशी सर्वांत महाग होती, तिचा ग्राहक सर्वांत स्वस्त. म्हणून स्वस्त चौकशी म्हणजे स्वस्त ग्राहक नव्हे, हे या पाठाचे पहिले सूत्र होय. जाहिरात विकणारा आपल्याला पहिले माप दाखवतो. तिसरे माप आपले आपणच काढावे लागते, कारण प्रवेशाची पावती त्याच्याकडे नसते, आपल्याकडे असते.

६. दोष जाहिरातीचा की आपला ?

वरील आकडे पाहून कोणीही म्हणेल, फेसबुकची जाहिरात बंद करा. थांबा. आता पाचवा रकाना उघडू, म्हणजे पहिला संपर्क केव्हा केला तो. समजा, फेसबुकच्या १५० चौकशांपैकी ५० जणांना त्याच दिवशी फोन गेला व त्यांतून ५ प्रवेश झाले. उरलेल्या १०० जणांना तीन-चार दिवसांनी फोन गेला व त्यांतून १ प्रवेश झाला. म्हणजे त्याच दिवशी संपर्क झालेल्यांत प्रमाण १० टक्के आणि उशिरा झालेल्यांत १ टक्का !

सर्वांनाच त्याच दिवशी फोन गेला असता व १० टक्क्यांचे प्रमाण टिकले असते, तर १५० चौकशांतून १५ प्रवेश झाले असते आणि दर प्रवेशाचा खर्च १,००० रुपये आला असता, म्हणजे हस्तपत्रकाइतकाच. दोष माध्यमाचा कमी आणि विलंबाचा अधिक होता. चौकशी करणारा माणूस एकाच ठिकाणी विचारत नाही. ज्याचे उत्तर आधी येते, त्याच्याकडे तो वळतो. सकाळी, दुपारी व सायंकाळी दक्ष राहणाऱ्या दुकानदाराचा दृष्टांत येथे शब्दशः लागू पडतो.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग या ठिकाणी दिसून येतो. ते जाहिरातीचे मोजमाप करते तसेच आपलेही करते. म्हणून कोणत्याही माध्यमावर फुली मारण्यापूर्वी पहिला संपर्क वेळेवर झाला होता काय, हे तपासावे. हे या पाठाचे दुसरे सूत्र.

७. आकड्यांनाही मर्यादा असतात

कालाम सुत्तात भगवंतांनी ऐकीव गोष्ट किंवा केवळ तर्क प्रमाण मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, असे सांगितले. हीच कसोटी आकड्यांनाही लावावी.

(अ) आकडे लहान असतील तर घाईने निष्कर्ष काढू नये. सहा प्रवेशांचे आठ होणे हा योगायोगही असू शकतो. दोन-तीन महिने तेच मोजमाप ठेवावे, आणि एका वेळी एकच बदल करावा.

(आ) एका ग्राहकामागे अनेक वाटा असतात. मुलाने पत्रक पाहिले, मग फेसबुकवर नाव वाचले आणि शेवटी मावशीच्या सांगण्यावरून आला, तर श्रेय कोणाला ? यासाठी ‘प्रथम कोठून कळले’ व ‘आज कशामुळे आलात’ असे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्याने ओळख करून देणारे माध्यम कळते, दुसऱ्याने निर्णय घडवणारे.

(इ) प्रवेश झाला म्हणजे पैसे आले असे नव्हे. पहिला हप्ता भरून सोडून जाणारेही असतात. म्हणून हिशेब प्रत्यक्ष जमा रकमेवर करावा.

(ई) जाहिरातीच्या खर्चात सॉफ्टवेअरची वर्गणी व फोन करणाऱ्याचा पगारही धरावा. नाहीतर नफा कागदावरच राहतो.

८. सम्यक आजीविका आणि लोकांची माहिती

लोकांचे नाव-क्रमांक आपल्याकडे विश्वासाने आलेले असतात. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. संमती, ठरलेल्या कामापुरताच वापर आणि संमती मागे घेण्याचा हक्क ही त्याची मुख्य तत्त्वे आहेत. कायदा असो वा नसो, आपण काही नियम पाळलेच पाहिजेत. ज्याने ‘पुन्हा फोन करू नका’ म्हटले, त्याच्या नावापुढे तशी खूण करून खरोखरच फोन करू नये. विकत मिळणाऱ्या क्रमांकांच्या याद्या घेऊ नयेत. विहाराच्या उपासकांची यादी, वधू-वर मेळाव्याचे अर्ज, संस्थेच्या सभासदांचे पत्ते यांचा उपयोग कोणीही आपल्या धंद्यासाठी करू नये. ते क्रमांक धम्मकार्यासाठी दिलेले आहेत.

आणखी एक गोष्ट. चौकशीच्या वहीत जातीचा रकाना ठेवू नये, आडनावावरून ‘हा घेईल, हा घेणार नाही’ असा कयासही बांधू नये. आडनाव विचारून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपण भोगलेली आहे. ती आपल्या संगणकात पुन्हा जन्माला येऊ नये.

९. आपल्या स्मरणिकेपुरते

हा पाठ संस्थेलाही लागू आहे. आपल्यासारख्या संस्था स्मरणिकेसाठी जाहिराती मागतात. देणारे बहुधा ‘शुभेच्छा’ म्हणून, म्हणजे देणगीच्या भावनेने देतात. पुढल्या वर्षी पुन्हा मागताना कार्यकर्त्याला संकोच वाटतो. यावर एक साधा उपाय आहे. जाहिरातदाराने आपल्या जाहिरातीत ‘स्मरणिका पाहून आलो असे सांगावे’ ही एक ओळ घालावी, जमल्यास स्वतंत्र क्यूआर कोड छापावा, आणि वर्षभर आपल्या वहीत त्याची नोंद ठेवावी. वाचकांनीही दुकानात गेल्यावर तेवढे आवर्जून सांगावे. वर्षअखेर पाच ग्राहक आले की पन्नास, हे जाहिरातदाराला व संस्थेला दोघांनाही कळेल. आकडा चांगला निघाला तर पुढील वर्षी आपण देणगी मागणार नाही, तर व्यवहार मांडू. आणि आकडा लहान निघाला तर कोणती जाहिरात कोठे छापावी, याचा विचार करू. मागणाऱ्याचा हात खाली असतो, व्यवहार करणाऱ्याचा बरोबरीचा असतो. हा फरक आपल्या समाजाला चांगलाच ठाऊक आहे.

तात्पर्य, प्रत्येक चौकशीला तिची वाट लिहून ठेवावी, वेळेवर उत्तर द्यावे, आणि हिशेब चौकशीपाशी न थांबवता ग्राहकापर्यंत न्यावा. सॉफ्टवेअर हे साधन आहे. डोळस दुकानदार आपल्यालाच व्हावयाचे आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. एका केटरिंग व्यावसायिकाने ‘अ’ माध्यमावर ६,००० रुपये खर्चून ६० चौकशा व ३ ग्राहक मिळवले. ‘ब’ माध्यमावर ४,००० रुपये खर्चून १६ चौकशा व ४ ग्राहक मिळवले. दोन्हींचा दर चौकशीचा व दर ग्राहकाचा खर्च काढा. (उत्तर : अ – १०० रु. व २,००० रु.; ब – २५० रु. व १,००० रु.)
२. वरील उदाहरणात ‘अ’ माध्यम बंद करण्यापूर्वी कोणता रकाना तपासाल ? का ?
३. आपल्या वस्तीतील एखाद्या छोट्या व्यावसायिकाला भेटून त्याला एक महिनाभर चौकशीची वही ठेवण्यास मदत करा व मिळालेले आकडे अभ्यासवर्गात मांडा.

जय भीम ! नमो बुद्धाय !